तुइना म्हणजे चिनी अभ्यंग नव्हे

तुइना ही चिनी वैद्यकातली हाताने करायची उपचारपद्धती. 'तुइ' म्हणजे रेटणे, 'ना' म्हणजे पकडून उचलणे. दोन क्रियांची नावे जोडून पद्धतीचे नाव तयार झाले. तिचे जुने नाव 'आनमो'. तेही असेच जोडलेले आहे: दाबणे आणि चोळणे. मराठीत तिला सरसकट 'चिनी मालिश' म्हणतात आणि घोटाळा या भाषांतरापासूनच सुरू होतो. मालिश म्हटले की बिदर-कलबुर्गीकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी तेलाची वाटी येते. करडईचे किंवा तिळाचे तेल, चुलीच्या कडेला ठेवून कोमट केलेले. बाळंतिणीची बाज, न्हाणीघरातला धूर, तालमीतल्या आखाड्याची लाल माती. तुइनात बहुतेक वेळा तेल नसतेच. रोग्याच्या अंगावर कपडे असतात किंवा वर पातळ चादर पसरलेली असते, आणि वैद्याचा हात कोरडा असतो.

तरीही एक दावा हौसेने केला जातो. मालिश मूळची भारताची. बौद्ध भिक्षूंबरोबर, विशेषतः बोधिधर्माबरोबर ती चीनला गेली. तिथे तिचे बारसे नव्याने झाले आणि आता महागडे दरपत्रक गळ्यात अडकवून ती माहेरी परतली आहे. बिदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात त्या दाव्याला जवळचा टेकूही सापडतो, कारण अभ्यंगाला राजवैभवात स्थान देणारा 'मानसोल्लास' इथल्याच बसवकल्याणच्या, म्हणजे जुन्या कल्याणीच्या, राजाने रचला. दावा ऐकायला गोड आहे. पुरावा मात्र त्याच्या बाजूने उभा राहत नाही.

आधी काळाचा हिशेब. हूनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ मावांगद्वेइ येथे १९७३ साली उघडलेल्या थडग्यात रेशमी कापडावरचे वैद्यकीय लेख सापडले. ते थडगे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेले. त्यातल्या उपचारांच्या लेखात दुखऱ्या जागी चोळण्या-दाबण्याचे उल्लेख आहेत, आणि एका चितारलेल्या पटावर अंग ताणण्या-वाकवण्याच्या व्यायामाच्या चव्वेचाळीस आकृत्या आहेत. हान राजवंशाच्या इतिहासात ग्रंथांची जी यादी आहे तिच्यात आनमोवरचा दहा गुंडाळ्यांचा एक ग्रंथ नोंदलेला आहे. ग्रंथ हरवला, नोंद उरली. बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात. भिक्षू पोहोचण्याच्या आधीच ज्या विद्येवर लेख लिहून थडग्यात ठेवले गेले, ती विद्या भिक्षूंनी नेली असे म्हणायचे तर कालगणनाच उलटी फिरवावी लागेल.

खुद्द चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ 'ह्वांग्दी नेइचिंग' या विद्येचे मूळ सांगतो ते वेगळेच. त्याच्या 'सु-वन' भागाच्या बाराव्या अध्यायात पाच दिशांच्या पाच उपचारपद्धती दिल्या आहेत. दगडी सुया पूर्वेकडून, औषधे पश्चिमेकडून, डाग देणे उत्तरेकडून, बारीक सुया दक्षिणेकडून; आणि दाबणे-चोळणे व अंग ताणणे मध्यदेशातून. मध्यदेशातले लोक तऱ्हेतऱ्हेचे खातात आणि अंगमेहनत करीत नाहीत, म्हणून त्यांचे हातपाय लुळे पडतात, असे कारणही तिथे दिले आहे. हा भूगोल शब्दशः खरा मानण्याची गरज नाही. आपल्या प्रांतांची वाटणी करणाऱ्या त्या लेखकाला परदेशाची आठवणही झाली नाही, एवढे मात्र त्यातून दिसते.

दाव्याच्या बाजूने एकच भरीव पुरावा आहे, आणि गंमत अशी की दावा करणाऱ्यांना तो बहुधा ठाऊक नसतो. थांग काळातला थोर वैद्य सुन स-म्याओ याने सातव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या ग्रंथात 'थ्येनचू देशाचे आनमो' दिले आहे. थ्येनचू म्हणजे भारत. आणि ही ब्राह्मणांची रीत आहे असेही तो स्पष्ट म्हणतो. पण तिच्या अठरा कृती एकेक करून वाचल्या की चित्र पालटते. दोन्ही हात एकमेकांत गुंतवून पिळणे, धनुष्य ओढल्यासारखे हात ताणणे, मुठी आवळून पुढे मारणे, बसून कंबर दोन्ही बाजूंना वळवणे. माणसाने स्वतःच स्वतःच्या अंगाला द्यायची ही चालना आहे. तेल नाही, चोळणारा नाही, झोपलेला रोगी नाही. त्याच ठिकाणी तो लाओ-त्सूच्या नावाची एक चिनी रीतही देतो. म्हणजे परदेशी ते परदेशी म्हणून आणि घरचे ते घरचे म्हणून नोंदण्याची शिस्त त्या वैद्याला होती. बाहेरून आलेल्या अठरा कृतींवर ज्याने बाहेरचा शिक्का मारला, त्याने उरलेली सगळी विद्या शिक्का पुसून लपवली असे म्हणणे न्यायाचे नाही.

बोधिधर्माचे प्रकरण याहून पोकळ आहे. त्याच्या नावावर चालणारा 'यीचिनचिंग' हा स्नायू बळकट करण्याच्या व्यायामांचा ग्रंथ अभ्यासकांच्या मते सतराव्या शतकातला आहे. त्याला जोडलेल्या जुन्या प्रस्तावनांत काळाचे घोळ आहेत. सहाव्या शतकातल्या भिक्षूच्या नावावर हजार वर्षांनंतरचा ग्रंथ चढवणे आपल्याकडच्या वाचकाला नवे वाटू नये. शिष्याने लिहावे आणि गुरूच्या नावावर घालावे, ही रीत हिमालयाच्या दोन्ही बाजूंना होती. हा ग्रंथ तुइनाच्या शिक्षणात खरोखर आहे, पण वेगळ्या कामासाठी. शांघायच्या परंपरेत शिकाऊ वैद्य त्यातले व्यायाम करतात ते स्वतःची कंबर, खांदे आणि बोटे कामाला टिकावीत म्हणून. रोग्याच्या अंगावर जो हात पडतो तो त्यातून आलेला नाही.

दोन्ही देश पाहिलेला साक्षीदारही आहे. यीचिंग हा भिक्षू सातव्या शतकाच्या अखेरीस बरीच वर्षे भारतात राहिला आणि नालंदेत शिकला. भारतीय वैद्यकाच्या आठ अंगांची त्याने आदराने नोंद केली. पण सुया टोचणे, डाग देणे आणि नाडी पाहणे यांत चीनची बरोबरी जंबुद्वीपात कुठे नाही, असेही त्याने लिहिले. त्यात स्वदेशाभिमानाचा वाटा वजा केला तरी दोन्हीकडची विद्या त्याला एकच वाटत नव्हती, हे उरतेच.

आता कल्याणीचा टेकू. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' पुरा केला. पाच विंशती आणि शंभर अध्याय अशी त्याची मांडणी. राजाच्या उपभोगांच्या विंशतीत स्नान, तांबूल, विलेपन, वस्त्रे यांच्या पंगतीत पादाभ्यंग, म्हणजे पायांना केलेले मर्दन, हा स्वतंत्र उपभोग म्हणून येतो. पुढच्या विंशतीत मल्लविनोद आहे. या पंगतीतच ग्रंथाचा अर्थ सामावलेला आहे. इथे मर्दन हे राजसुख आहे, उपचार नव्हे. कल्याणी दरबारात अभ्यंगाची चैन किती रुजली होती याचा तो उत्तम दाखला आहे. चीनला काय गेले याचा दाखला तो होऊ शकत नाही. बाराव्या शतकातला ग्रंथ त्याच्या तेराशे वर्षे आधीच्या थडग्याचा बाप ठरणार नाही.

आणि 'आपली' मालिश तरी किती निर्भेळ आहे? 'मालिश' हा शब्दच फारसी, 'मालीदन' म्हणजे चोळणे या धातूतून आलेला. 'तालीम' अरबी, 'वस्ताद' फारसी. १३४७ मध्ये गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, आणि पंधराव्या शतकात बिदरात बहामनी राजधानी झाली. त्या राज्यात इराणी-अरबी विद्वानांची ये-जा होती, आणि १४७२ मध्ये बिदरात उभा राहिलेला महमूद गवानचा मदरसा आजही त्याची खूण म्हणून उभा आहे. युनानी वैद्यकात मालिशीला 'दल्क' म्हणतात. इब्न सीनाने तिचे प्रकार पाडले: कठीण, मृदू, दीर्घ, मध्यम, खरखरीत कापडाने केलेली आणि मऊ हाताने केलेली, आणि प्रत्येकीचा शरीरावरचा परिणामही वेगळा सांगितला. संस्कृत अभ्यंग, युनानी दल्क, कन्नड घरातली बाणंती आणि मराठी घरातली बाळंतीण या सगळ्यांच्या अंगाला लावलेले तेल इथे एकाच वाटीतले आहे. ज्या भागात मालिश तीन-चार भाषांतून घडली, तिथल्या माणसाने दुसऱ्या देशाच्या विद्येवर एकट्या आईबापाचा दाखला मागावा, हे शोभत नाही.

वंशावळीचा वाद बाजूला केला की खरी तुलना सुरू होते, आणि ती हाताची आहे.

तुइनाच्या मूळ कृती थोड्या आहेत, पण प्रत्येकीचे नाव, जागा आणि गती ठरलेली असते. 'तुइ' म्हणजे अंगठा, तळहात किंवा कोपर टेकवून एका सरळ रेषेत रेटत नेणे. 'ना' म्हणजे अंगठा आणि बोटांच्या चिमटीत स्नायू धरून उचलणे व सोडणे. मान आणि खांद्यांच्या मधला भाग यासाठी सोयीचा. 'आन' म्हणजे एका जागी हळूहळू वाढवत नेलेला दाब. 'मो' म्हणजे तळहाताने कातडीवरून हलके गोल फिरवणे, बहुधा पोटावर. 'रौ' मध्ये हात कातडीवरून सरकत नाही. कातडी आणि खालचे मांस हातासोबत फिरते. मो आणि रौ हा फरक मराठीत एकाच 'चोळणे'खाली बुडून जातो, आणि शिकणाऱ्याचा हात पहिल्यांदा इथेच अडतो. 'छा' म्हणजे ऊब येईपर्यंत पुढे-मागे घासणे; यासाठी मात्र तेल किंवा मलम घेतात, नाहीतर कातडी सोलवटते. 'त्सुओ' म्हणजे दोन तळव्यांमध्ये दंड किंवा पोटरी धरून रवी फिरवावी तशी घुसळणे. 'दौ' म्हणजे हाताचे किंवा पायाचे टोक धरून बारीक झटके देत हलवणे. शिवाय थोपटणे, मुठीने ठोकणे, सांधा गोल फिरवणे, ताणणे, आणि सांध्याला ठराविक कोनात नेऊन एक छोटा नेमका हिसका देणे. या शेवटच्याला 'बान' म्हणतात. त्याच्याकडे पुढे यावे लागेल.

दोन कृती विशेष आहेत. 'यी-चि-छान' म्हणजे एका बोटाची कृती: अंगठ्याचे टोक एका बिंदूवर रोवलेले, मनगट सैल, कोपर खाली, आणि हाताचा पुढचा भाग लंबकासारखा डोलत राहतो. अंगठा जागचा हलत नाही, दाबाची लाट मात्र मिनिटाला १२० ते १६० वेळा आत जाते. दुसरी 'गुन', म्हणजे लाटणे. मुठीची करंगळीकडची मागची बाजू पाठीवर ठेवून मनगट पुढे-मागे असे फिरवतात की हाताची पाठ पोळपाटावरच्या लाटण्यासारखी लोळते. ही कृती मुळीच प्राचीन नाही. शांघायच्या दिंग ची-फंग याने ती १९४०च्या दशकात घडवली. एका बोटाच्या टोकाने दुखणारी मोठी पाठ किती वेळ रेटणार, या अडचणीतून ती निघाली. हजारो वर्षांच्या जाहिरातीत हे कधी येत नाही, कारण विक्रीला पुरातनपणा लागतो. खरे तर या विद्येची तब्येत याच गोष्टीत दिसते: जुन्या घराण्यातल्या माणसाला नवा हात शोधता आला आणि घराण्याने तो शिकवला.

शिकवणे कसे चालते ते पाहिल्यावर फरक आणखी उघड होतो. विद्यार्थी आधी माणसाला हात लावत नाही. तांदूळ किंवा वाळू भरलेल्या छोट्या पिशवीवर तो आठवडेच्या आठवडे एकेक कृती घोटतो. कस पाच गोष्टींवर लागतो: हात टिकला पाहिजे, त्यात जोर पाहिजे, लय एकसारखी पाहिजे, स्पर्श मऊ पाहिजे, आणि एवढे जमल्यावर दाब खोल पोहोचला पाहिजे. जोर आणि मऊपणा एकत्र मागणे ही यातली मेख आहे.

आपल्याकडच्या ग्रंथांनी तेल लिहून ठेवले, हात लिहून ठेवला नाही. सुश्रुताच्या चिकित्सास्थानातल्या चोविसाव्या अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन, उत्सादन, उद्घर्षण, संवाहन अशी नावे आणि त्यांचे गुण येतात. चरक सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात डोक्याला, अंगाला, पायांना तेल लावण्याचे लाभ सांगतो. कोणत्या दोषाला कोणते तेल, कोणत्या ऋतूत किती, कोणाला मुळीच नको, हे सगळे बारकाईने आहे. सुश्रुताचा टीकाकार डल्हण याने तर तेल कुठवर मुरते त्याचे मात्रांचे कोष्टक दिले: ३०० मात्रांत केसांच्या मुळाशी, ४००ला त्वचेत, पुढे शंभराच्या पायऱ्यांनी रक्त, मांस, मेद, हाड आणि ९००ला मज्जेत. नऊशे मात्रा म्हणजे पाचेक मिनिटे. इतक्या वेळात तेल हाडाच्या पोकळीत उतरते हे शरीरशास्त्राला मान्य होणार नाही. पण एका जागी किती वेळ हात चालवावा याचे माप म्हणून कोष्टक उपयोगी आहे. त्या पाच मिनिटांत मनगट कसे ठेवायचे, अंगठा कुठे रोवायचा, हे कोष्टक सांगत नाही. ती विद्या तालमीतल्या वस्तादाच्या, न्हाव्याच्या आणि बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या मनगटात राहिली आणि त्यांच्याबरोबर जात राहिली. ज्या बसवकल्याणने कायकाचे, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाचे, मोल सांगितले, त्या परिसरातही या हातांचे काम कागदावर फारसे उतरले नाही. चीनमध्ये मलम लावून चोळण्याची जुनी रीत होती हे खरे, आणि तिथेही घरोघरीचा हात बराचसा अलिखितच राहिला असणार. पण तिथे थांग दरबाराच्या वैद्यशाळेत आनमोचा वेगळा विभाग आणि शिकवणारा पंडित होता. सोळाव्या शतकानंतर मुलांच्या तुइनावर हाताच्या आकृत्यांसह पुस्तके निघाली. गुंग युन-लिनचे प्रसिद्ध पुस्तक १६०४चे. 'तुइना' हे नावही याच मिंग काळात रुजले.

लहान मुलांचेच उदाहरण दोन्ही बाजूंना ठेवून पाहावे. चिनी वैद्य मुलाच्या तळहाताला आणि बोटांना छोट्या नकाशासारखे वापरतो: अंगठ्याच्या कडेने रेटले की पचनासाठी, मनगटापासून कोपरापर्यंत हाताच्या आतल्या बाजूने सरळ रेटत नेले की तापासाठी. बोटाला पाणी किंवा आल्याचा रस लावलेला असतो, दाब नाममात्र, कृती शेकडो वेळा मोजून केलेली. पाठीवर माकडहाडापासून मानेपर्यंत कातडीची चिमूट धरत वर सरकण्याची कृती अपचनासाठी करतात. सीमाभागातल्या घरात बाळ पसरलेल्या पायांवर घेतात, टाळू तेलाने भरतात, अंग चोळून हातपाय आडवे-तिडवे ताणतात, कणकेचा गोळा फिरवतात, ऊन पाणी ओततात. एकीकडे बिंदू आणि रेषा, दुसरीकडे सगळे अंग. याला त्याची नक्कल म्हणायला दोन्ही प्रकार कधीच न पाहिलेला माणूस हवा. बोटाच्या रेषेवरून ताप उतरतो याला आधुनिक वैद्यकाचा आधार नाही, आणि नाका-कानांत तेल सोडण्याला किंवा नाक दाबून 'सरळ' करण्यालाही नाही.

यावरून उलट्या टोकाचा दावा खरा ठरत नाही. 'आपली मालिश अंदाजपंचे, चिनी मालिश शास्त्रीय' असे सांगणारेही निघाले आहेत. तुइनाची क्रमवार शिस्त मोठ्या प्रमाणात विसाव्या शतकातली आहे: शांघायमध्ये १९५६ला प्रशिक्षणवर्ग निघाला, १९५८ला शाळा, पाठ्यपुस्तके त्यानंतरची. ज्या बारा प्रमुख वाहिन्यांतून 'ची', म्हणजे प्राणशक्ती, वाहते असे तिचे शास्त्र सांगते, त्या वाहिन्या शवविच्छेदनात कोणाला सापडलेल्या नाहीत. वात-पित्त-कफ सापडत नाहीत तसेच. कंबरदुखीवरच्या मालिशीचा कॉक्रेन आढावा २०१५ मध्ये निघाला. पंचवीस चाचण्या तपासून त्याने काढलेला निष्कर्ष बेताचा आहे: थोड्या दिवसांपुरता आराम दिसतो, पण पुराव्याचा दर्जा हलका असल्याने खात्री देता येत नाही. हा बेताचा निष्कर्ष तुइनाला आणि तेलाच्या वाटीला सारखाच लागू आहे. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणाऱ्यांनाही चार दिवसांत बरे वाटते. उसण बहुधा तेवढ्यात आपली आपणच जाते.

चिनी उपचार भारतात आले तो रस्ताही बोधिधर्माच्या काळचा नाही. कलबुर्गीच्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ते शस्त्रवैद्य होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत होते. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुया टोचण्याची विद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. मालिश तिच्या मागून आली, आणि ती बरीचशी थायी, जपानी, स्वीडिश नावांच्या मिश्रणात, सुगंधी मेणबत्त्यांसह. सौंदर्यगृहाच्या फलकावर जिला 'चिनी' म्हणतात तिचा यी-चि-छानशी संबंध असेलच असे नाही.

राहिला बानचा हिसका. तुइनाच्या शिस्तीतही तो शेवटी शिकवतात, सांध्याची नैसर्गिक मर्यादा ओलांडायची नाही या अटीवर, आणि मानेवर सर्वांत जपून. त्याचा बेशिस्त भाऊ केशकर्तनालयातल्या खुर्चीवर रोज भेटतो: दाढी झाली, चंपी झाली, की न्हावी हनुवटी आणि डोके धरून मान दोन्हीकडे कडाकड मोडतो आणि गिऱ्हाईक खूश होते. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे आतले अस्तर अशा झटक्याने फाटू शकते, आणि तिथे साखळलेले रक्त मेंदूत गेले तर पक्षाघात होतो. असे घडणे विरळ आहे, पण घडलेले आहे. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखत असेल तर आत शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो, आणि ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हातारपणाची ठिसूळ हाडे, ताजा अस्थिभंग, गाठ, ताप, चिघळलेली कातडी यांवर ना करडईच्या तेलाचा हात चालवायचा, ना कोरडा. गरोदर बाईच्या पोटावर आणि कमरेवर दाब द्यायचा नाही. चिनी वैद्य हातावरचा, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला 'हगू' हा बिंदूही तेव्हा वर्ज्य मानतात. अस्थिभंगावर हाडवैद्याने आवळून बांधलेल्या पट्टीखालची बोटे काळीनिळी पडली, गार झाली किंवा बधिर झाली, तर पट्टी त्याच घटकेला सोडून रोग्याला रुग्णालयात न्यावे लागते. रक्तपुरवठा काही तास तुटला की हात वाचत नाही.